पटकथा आणि चित्रणाची जुळवणी

पटकथा-चित्रण जुळवणी ही चित्रपट, दूरचित्रवाणी आणि माहितीपट यांच्या संकलनातील एक कार्यपद्धती आहे. लिखित मजकुराची प्रत्येक ओळ चित्रणात ज्या क्षणी उच्चारली गेली, त्या क्षणाशी ती या पद्धतीत जोडली जाते. हा मजकूर म्हणजे पटकथेतील संवाद, निवेदन किंवा मुलाखतीची लेखी प्रत असू शकते. जुळवणी पूर्ण झाल्यावर संकलकाने संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या वाक्यावर टिचकी मारली, की त्या वाक्याचे सर्व टेक एकापाठोपाठ पाहता येतात. पूर्वी हे काम कागदावर, पेन्सिलीने आणि स्मरणशक्तीच्या आधारे होत असे. आता ते अंशतः संगणक करतो.

या पद्धतीचे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात मजकूर आधी असतो आणि चित्रण नंतर होते, जसे कथाचित्रपटात. दुसऱ्यात चित्रण आधी होते आणि मजकूर त्यातून लिहून काढावा लागतो, जसे माहितीपटात किंवा लोणावळ्यातील बंदिस्त घरात चित्रित झालेल्या 'बिग बॉस'सारख्या कार्यक्रमात. दोन्ही प्रवाहांत एक अट समान आहे: संगणकाला ती भाषा ऐकता आली पाहिजे. मराठीच्या बाबतीत ही अट दीर्घकाळ पूर्ण झाली नव्हती आणि आजही ती अर्धवटच पूर्ण झालेली आहे.

व्याप्ती

चित्र आणि ध्वनी यांची जुळवणी ही याहून वेगळी आणि आधीची पायरी आहे. चित्र एका यंत्रावर आणि ध्वनी दुसऱ्या यंत्रावर मुद्रित होत असल्यामुळे दोन्हींचा आरंभबिंदू एकच ठरवावा लागतो. त्यासाठी क्लॅप वाजवला जातो: फळी मिटल्याची चौकट आणि 'टक्' हा आवाज एकमेकांवर ठेवले, की चित्र आणि ध्वनी जुळतात. आता हेच काम टाइमकोडने किंवा दोन ध्वनिमुद्रणांच्या लहरींची तुलना करूनही होते. ही पायरी चुकलेली असेल, तर पुढची मजकुराची जुळवणी निरुपयोगी ठरते. ओळ ध्वनीशी जुळलेली दिसते, परंतु ओठांशी जुळत नाही.

येथे चौकटींच्या वेगाचाही प्रश्न येतो. चित्रपट सामान्यतः सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चित्रित होतो, तर भारतीय दूरचित्रवाणीचा वेग २५ चौकटींचा आहे. अमेरिकी मूळ असलेल्या अनेक कॅमेऱ्यांत २४ म्हणून दाखवला जाणारा वेग प्रत्यक्षात २३.९७६ असतो. हा फरक केवळ हजारात एक एवढा आहे. तरीही तासाभराच्या अखंड मुलाखतीत तो सुमारे ३.६ सेकंदांपर्यंत साचतो. जुळवलेल्या ओळी आरंभी अचूक आणि शेवटी सरकलेल्या दिसू लागल्या, तर पहिला संशय याच आकड्यावर घ्यावा.

कागदावरील जुळवणी

संगणकपूर्व काळात जुळवणीचे मुख्य साधन म्हणजे रेषांकित पटकथा. चित्रीकरणस्थळी पटकथा-सातत्याची नोंद ठेवणारी व्यक्ती पटकथेच्या छापील पानावर प्रत्येक टेकसाठी एक उभी रेघ ओढते. टेक जेथे सुरू झाला त्या ओळीपासून तो जेथे संपला त्या ओळीपर्यंत ही रेघ जाते. बोलणारे पात्र पडद्यावर दिसत असेल तेथे रेघ सरळ असते. पात्र चौकटीबाहेर असून केवळ आवाज येत असेल तेथे ती नागमोडी होते. रेघेच्या माथ्यावर दृश्य, शॉट आणि टेक यांचे क्रमांक लिहिलेले असतात. भारतीय पद्धतीत हे क्रमांक 'सीन ३४, शॉट २, टेक ३' असे क्लॅपवर लिहिले जातात आणि मोठ्याने वाचलेही जातात.

अशा पानावर नजर टाकताच कोणती ओळ किती कोनांतून चित्रित झाली आहे आणि कोणती अवघ्या एका टेकमध्ये आहे, हे समजते. ज्या ओळीवरून एकच रेघ गेली आहे, ती ओळ संकलकासाठी धोक्याची असते, कारण तो टेक बिघडलेला निघाल्यास पर्याय उरत नाही. नटाने संवादातील शब्द बदलला असेल, तर ती व्यक्ती समासात त्याची नोंद करते. या समासातील टिपा पुढे यंत्रांनाही पूर्णपणे मिळवता आल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रेषांकित पानावरून टेक ठरवला तरी तो शोधणे हे शारीरिक श्रमाचे काम होते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. त्यामुळे २४ चौकटींच्या वेगाने एका मिनिटाला ९० फूट फिल्म खर्च होते आणि हजार फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटे चालते. फिल्मच्या कडेवर छापलेल्या क्रमांकांची वही ठेवून सहायक संकलक हवा तो तुकडा काढून देत असे. १९२४ मध्ये इवान सेरुरिए यांनी बनवलेले मूव्हिओला हे यंत्र आणि पुढे स्टीनबेकसारखी सपाट टेबलाची यंत्रे आली. त्यामुळे तुकडा पाहणे सोपे झाले, शोधणे मात्र हातीच राहिले.

प्रभात आणि पुणे

मराठी चित्रपटाला जुळवणीचा प्रश्न त्याच्या पहिल्याच बोलपटापासून दुहेरी स्वरूपात भेटला. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. त्या काळी भाषांतरित आवाज नंतर चढवण्याची सोय नव्हती आणि पार्श्वगायनही रूढ झाले नव्हते. संवाद आणि गाणी चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होत. त्यामुळे प्रत्येक दृश्य दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करावे लागे. नेपथ्य तेच, वेशभूषा तीच, बहुतेक नटही तेच. वेगळा असे तो केवळ मजकूर. अशा स्थितीत कोणता तुकडा कोणत्या भाषेच्या पटकथेचा आहे याची नोंद चोख नसेल, तर संकलनाच्या टेबलावर गोंधळ अटळ होता.

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यास आली. 'कुंकू' (१९३७) आणि 'दुनिया न माने', 'माणूस' (१९३९) आणि 'आदमी', 'शेजारी' (१९४१) आणि 'पडोसी' या जोड्या याच द्विभाषिक पद्धतीने बनल्या. 'शेजारी'च्या बाबतीत तर दोन आवृत्त्यांत प्रमुख भूमिकांतील नटही बदलले: मराठीत केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, हिंदीत मजहर खान आणि जागीरदार. एकाच दृश्याच्या दोन पटकथा, दोन ध्वनिपट आणि अंशतः दोन नटसंच सांभाळण्याची ही शिस्त आजच्या बहुभाषिक निर्मितीची पूर्वसूरी म्हणता येईल.

प्रभातच्या याच आवारात १९६० मध्ये केंद्र शासनाने चित्रपट संस्था स्थापन केली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणी विभाग जोडला गेल्यावर ती भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. संकलन आणि ध्वनी हे तेथील स्वतंत्र अभ्यासविषय आहेत.

पुढील काळात भारतीय चित्रपटसृष्टीत डबिंगची प्रथा इतकी रूढ झाली, की चित्रीकरणाच्या वेळी मुद्रित होणारा आवाज केवळ मार्गदर्शक म्हणून वापरला जाई. संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलले जात आणि तेव्हा शब्दही बदलत. अशा चित्रपटात जुळवणी करावयाचा मजकूर कोणता, हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या संकलनासाठी चित्रीकरणाच्या वेळचा मजकूर लागतो, तर अंतिम प्रतीसाठी आणि उपशीर्षकांसाठी डबिंगनंतरचा. 'लगान' (२००१) या हिंदी चित्रपटानंतर स्थळावरच अंतिम ध्वनी मुद्रित करण्याची पद्धत पुन्हा प्रतिष्ठित झाली आणि मराठीतही ती पसरली. तेव्हापासून एकच मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उपयोगी पडण्याची शक्यता वाढली.

संगणकावरील जुळवणी

रेषांकित पान पडद्यावर आणण्याची कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेतील एडिफ्लेक्स या संकलन यंत्रणेत आली. ती कल्पना पुढे अ‍ॅव्हिड कंपनीच्या संकलन सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट झाली. तेथे पटकथा एका स्वतंत्र खिडकीत उघडते, टेक उभ्या रेघांच्या रूपात तिच्यावर उमटतात आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खूण असते. आरंभी या खुणा संकलकालाच कराव्या लागत. टेक चालू ठेवून, प्रत्येक ओळ ऐकू येताच त्या ओळीवर टिचकी मारावयाची, असे ते काम होते.

या श्रमाचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. एका दृश्यात ४० ओळी आहेत, ते सहा कोनांतून आणि प्रत्येक कोनातून चार वेळा पूर्ण चित्रित झाले आहे, असे समजू. म्हणजे २४ टेक आणि ९६० खुणा. प्रत्येक खुणेस १५ सेकंद धरले तरी एका दृश्यास चार तास लागतात. बहुतेक निर्मितींत एवढा वेळ नसतो, म्हणून हे साधन असूनही दीर्घकाळ मोजक्याच ठिकाणी वापरले गेले.

२००७ मध्ये अ‍ॅव्हिडने स्क्रिप्टसिंक हे साधन आणले. त्यात नेक्सिडिया या कंपनीचे ध्वनिशोधाचे तंत्रज्ञान वापरून खुणा आपोआप केल्या जात. मधल्या काळात ते नव्या आवृत्त्यांतून वगळले गेले आणि २०१७ मध्ये स्वतंत्र जोड म्हणून परत आले. दरम्यान अन्य सॉफ्टवेअरनी वेगळी वाट धरली. अ‍ॅडोबी प्रीमिअर प्रोमध्ये २०२१ मध्ये बोलण्याचे मजकुरात रूपांतर करण्याची सोय आली. २०२३ मध्ये त्याच मजकुरात वाक्ये कापून-चिकटवून चित्रणाचे संकलन करण्याची सोय जोडली गेली. त्याच वर्षी दाविंची रिझॉल्व्हच्या १८.५ या आवृत्तीतही लिप्यंकनाची सुविधा आली. प्रीमिअरच्या २०२१ मधील पहिल्या भाषासूचीत हिंदी होती, मराठी नव्हती.

कार्यप्रणाली

यंत्राने मजकूर आणि ध्वनी जुळवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील भेद समजणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या चुका वेगळ्या असतात.

पहिल्या पद्धतीत मजकूर आधीच हाती असतो. यंत्राला शब्द ओळखावयाचे नसतात. कोणते शब्द कोणत्या क्रमाने आले हे त्याला ठाऊक असते. केवळ ते केव्हा आले हे शोधावयाचे असते. प्रथम मजकुराचे ध्वनींच्या साखळीत रूपांतर होते: 'पाऊस आला' म्हणजे प, आ, ऊ, स अशी साखळी. मग ध्वनिमुद्रणाचे सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे बारीक काप केले जातात आणि प्रत्येक काप कोणत्या ध्वनीशी किती मिळताजुळता आहे याचे गुण दिले जातात. शेवटी सर्वांत जास्त एकूण गुण देणारा मार्ग काढला जातो. त्यात अट अशी, की मार्ग नेहमी पुढेच जावा, मागे फिरू नये. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये मांडलेली गणनपद्धत या कामासाठी फार वापरली जाते. या प्रकारास सक्तीची जुळवणी म्हणतात. 'सक्ती' हा शब्द येथे नेमका आहे: दिलेला मजकूर बोलला गेलेलाच नसेल, तरी यंत्र तो कोठेतरी बसवतेच. नटाने ओळ गाळली, तर ती ओळ शेजारच्या ओळींच्या मधल्या श्वासात कोंबली जाते. म्हणून स्वयंचलित जुळवणीनंतर अतिशय तोकड्या आणि अतिशय लांब ओळी प्रथम तपासाव्यात. चूक बहुधा तेथेच सापडते.

दुसऱ्या पद्धतीत मजकूर नसतो. यंत्र ध्वनी ऐकून शब्द स्वतः लिहिते आणि प्रत्येक शब्दास वेळ देते. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेली व्हिस्पर ही प्रणाली या प्रकारची आहे. ती ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकवलेली असून तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. भारतात आयआयटी मद्रास येथील एआय४भारत हा गट आणि केंद्र शासनाचा भाषिणी हा उपक्रम मराठीसह भारतीय भाषांसाठी अशा प्रणाली विकसित करतात. या पद्धतीची चूक नेमकी उलट दिशेची असते: वेळ बरोबर, शब्द चुकीचा. शांततेच्या किंवा गोंगाटाच्या जागी न बोललेली वाक्ये लिहून टाकण्याची खोडही अशा प्रणालींत आढळते.

व्यवहारात दोन्हींचा संयोग सोयीचा ठरतो. यंत्राकडून कच्चा मजकूर लिहून घ्यावा, माणसाने तो ऐकून दुरुस्त करावा आणि दुरुस्त मजकुराची पुन्हा सक्तीची जुळवणी करावी.

मराठी मजकुराच्या अडचणी

पहिली अडचण भाषेची नसून टंकनाची आहे. महाराष्ट्रात मराठी टंकनासाठी श्री-लिपीसारख्या प्रणालींतील जुने फाँट अनेक वर्षे वापरात होते आणि काही कार्यालयांत आजही आहेत. अशा फाँटात पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. संकलन सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली, की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्हणून पटकथा प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्या' मधील अर्धा र यांची तपासणी करणे इष्ट, कारण रूपांतरातील दोष बहुधा याच जागी राहतात. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात, यूटीएफ-८ मध्ये साठवली तर पुढील त्रास टळतो.

दुसरी अडचण लेखन आणि उच्चार यांतील अंतराची. देवनागरी उच्चारानुसारी आहे असे म्हटले जाते. मराठीपुरते ते बरेचसे खरे आहे, पूर्णपणे नाही. 'चार' मधील च तालव्य आहे, 'चारा' मधील च दंततालव्य. जगाला उद्देशून वापरलेला 'जग' आणि जगण्याच्या अर्थाचा 'जग' यांचे लेखन एकच, ज मात्र वेगळा. शब्दान्ती आणि शब्दामध्ये येणारा अ कोठे उच्चारावयाचा आणि कोठे गाळावयाचा, हेही लेखनावरून कळत नाही. हिंदीसाठी बनवलेले नियम मराठी मजकुरास लावले, तर दंततालव्य च, ज, झ तसेच ळ यांच्या जागी गुण कमी पडतात. सलग वाक्यांत अशी तूट भरून निघते. 'चल' किंवा 'ये' अशा एकशब्दी संवादांत ती निर्णायक ठरू शकते.

तिसरी अडचण लिहिलेल्या आणि बोललेल्या रूपांची आहे. पटकथेत 'त्याने सांगितले' असते, नट 'त्यानं सांगितलं' म्हणतो; कागदावर 'करतो आहे' आणि ध्वनीत 'करतोय'. प्रमाणलेखनाच्या आग्रहाने लिहिलेली पटकथा वाचावयास निर्दोष असली, तरी जुळवणीसाठी गैरसोयीची असते. संवाद बोलण्याच्या रूपातच लिहिण्याची बहुतेक मराठी पटकथाकारांची सवय येथे कामी येते. आकड्यांचेही तसेच: '१९७४' हा आकडा यंत्रास कसा उच्चारावयाचा ते ठाऊक नसते, म्हणून जुळवणीच्या प्रतीत तो 'एकोणीसशे चौऱ्याहत्तर' असा अक्षरी लिहावा. संवादातील इंग्रजी शब्दही रोमनऐवजी देवनागरीत, बोलणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेले बरे.

पटकथेतील प्रसंगवर्णन, पात्रांची नावे आणि कंसातील सूचना बोलल्या जात नाहीत. अ‍ॅव्हिडसारखी सॉफ्टवेअर मजकुराच्या मांडणीवरून, म्हणजे समासापासूनचे अंतर पाहून, संवाद कोणता हे ठरवतात. मराठीत अनेकदा नाटकाच्या संहितेप्रमाणे पात्राचे नाव आणि संवाद एकाच ओळीत, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके देऊन लिहिले जातात. अशी संहिता जशीच्या तशी दिल्यास यंत्र पात्राचे नावही ध्वनीत शोधू लागते.

लोणावळा: चित्रण आधी, मजकूर नंतर

लोणावळा आणि मावळ परिसर चित्रीकरणस्थळ म्हणून परिचित असला, तरी संकलनाच्या दृष्टीने त्याचे वेगळे महत्त्व 'बिग बॉस'मुळे आहे. 'बिग ब्रदर' या १९९९ मधील डच कार्यक्रमाच्या धर्तीवरील या हिंदी कार्यक्रमाच्या अनेक पर्वांचे घर लोणावळ्यात उभारले गेले होते. एप्रिल २०१८ मध्ये कलर्स मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या 'बिग बॉस मराठी'चे पहिले पर्वही येथेच चित्रित झाले. त्याचे सूत्रसंचालन महेश मांजरेकर यांनी केले. दुसऱ्या पर्वापासून मराठी घर मुंबईतील गोरेगावच्या चित्रनगरीत गेले.

अशा कार्यक्रमात संवाद लिहिलेले नसतात. घरातील कॅमेरे अहोरात्र चालू असतात. केवळ दहा कॅमेरे धरले तरी दिवसाला २४० तासांचे चित्रण होते आणि त्यातून सुमारे तासाभराचा भाग निवडावयाचा असतो. हे चित्रण कोणीही आरंभापासून अखेरपर्यंत पाहू शकत नाही. म्हणून या प्रकारच्या निर्मितीत नोंदकारांची पाळी असते: चालू चित्रण पाहत ते टाइमकोडसह कोण, कोठे, कोणाशी, काय बोलले याची नोंद टंकित करतात. दिवसाची गोष्ट लिहिणारा लेखक या नोंदींवरून प्रसंग निवडतो आणि संकलक त्या टाइमकोडवर जाऊन चित्रण उचलतो. पटकथा येथे चित्रणाच्या पोटातून निघते; जुळवणी मात्र तीच आहे, फक्त उलट दिशेने केलेली.

या दृष्टीने पाहिले असता कार्यक्रमाचे काही नियम वेगळेच दिसू लागतात. स्पर्धकाने माइक सतत लावलेला असावा, कुजबुजू नये, लिहून किंवा खुणांनी निरोप देऊ नये आणि मराठी पर्वात मराठीतच बोलावे, हे नियम प्रेक्षकांना शिस्तीचा किंवा भाषाभिमानाचा भाग वाटतात. संकलनकक्षासाठी ते नोंदयोग्यतेचे नियम आहेत. प्रत्येकाच्या अंगावरील माइकचा ध्वनी स्वतंत्र मार्गावर मुद्रित झाला, तर चार जण एकाच वेळी बोलत असतानाही प्रत्येकाचा मजकूर वेगळा काढता येतो. एकत्रित ध्वनीवर मात्र आजचे लिप्यंकनही वादावादीच्या प्रसंगी कोलमडते, आणि असा कार्यक्रम मुख्यतः वादावादीवरच चालतो.

मावळातील माहितीपट: एक कल्पित उदाहरण

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण माहितीपटाचे आहे. समजा, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राशी जोडल्या गेलेल्या इंद्रायणी या वाणावर २० मिनिटांचा माहितीपट करावयाचा आहे आणि परिसरातील आठ शेतकऱ्यांच्या प्रत्येकी एक तासाच्या मुलाखती चित्रित झाल्या आहेत. आठ तासांच्या ध्वनीचा मजकूर स्वयंचलित लिप्यंकनाने काही तासांत मिळतो. परंतु 'आवणी', 'खाचर', 'चिखलणी' हे भातशेतीचे शब्द शहरी आणि प्रसारमाध्यमी मराठीत क्वचितच येतात. त्यामुळे यंत्र त्यांच्या जागी ओळखीचा, ध्वनीने जवळचा दुसरा शब्द लिहिण्याचा संभव असतो. पुढे संकलकाने मजकुरात 'आवणी' शोधले, तर शेतकऱ्याने ज्या ठिकाणी तिच्याविषयी सर्वांत चांगले सांगितले तेच ठिकाण सापडणार नाही. चुकीच्या लिप्यंकनाचा खरा तोटा हा आहे. छापील चूक दिसते आणि दुरुस्त करता येते, पण न सापडलेले वाक्य माहितीपटाबाहेर राहते आणि ते राहिल्याचे कोणाला कळतही नाही.

यावर उपाय साधे आहेत. मुलाखतींपूर्वी विषयातील शब्दांची, गावांच्या आणि वाणांच्या नावांची यादी करावी. काही प्रणालींना ती यादी आधी देता येते; ज्यांना देता येत नाही त्यांच्या मजकुरात ती नावे कोणकोणत्या चुकीच्या रूपांत उमटली आहेत हे पहिल्या मुलाखतीवरून पाहून पुढे शोध-बदल करता येतो. मुलाखत घेणाऱ्याने प्रश्नातच तो शब्द स्पष्ट उच्चारला, तर शोधासाठी निदान एक बिनचूक खूण मिळते. बोलीतील रूपे दुरुस्तीच्या वेळी प्रमाण मराठीत बदलू नयेत. शेतकरी 'व्हतं' म्हणत असेल आणि प्रतीत 'होतं' लिहिले असेल, तर जुळवणी कदाचित निभावेल, पण बोलणाऱ्याचे बोलणे बदललेले राहील आणि तेच पुढे उपशीर्षकांत उतरेल.

पावसाळ्यातील मावळ हे ध्वनिमुद्रणासाठी कठीण स्थळ आहे. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पत्र्यावरील पावसाचा आणि धबधब्याचा आवाज सर्व कंपनसंख्यांवर सारखा पसरलेला असल्याने तो स, श, फ, ख यांसारख्या घर्षक आणि महाप्राण ध्वनींना झाकतो. स्वर ऐकू येतात, शब्दांच्या कडा मात्र पुसल्या जातात. मानवी कान संदर्भाने वाक्य जुळवतो; यंत्राची खूण तेथे अर्धा-पाऊण सेकंद सरकते. कॅमेऱ्यावरील माइकऐवजी छातीवर लावलेला माइक वापरणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. संकलनात केलेली आवाजशुद्धी त्याची बरोबरी करत नाही.

मर्यादा

जुळवणी ओळ कोठे आहे हे सांगते; ती कशी बोलली गेली हे सांगत नाही. बारा टेकमधील एकच वाक्य एकापाठोपाठ ऐकण्याची सोय मोहक आहे, परंतु वाक्य संदर्भाबाहेर ऐकून निवडल्यास अभिनयाची सलगता तुटण्याचा धोका असतो, अशी टीका होते. संवादांमधील शांतता, ऐकणाऱ्या पात्राचा चेहरा, दचकणे किंवा नजर चुकवणे हे मजकुरात नसल्यामुळे मजकुरावर आधारित शोधात ते सापडत नाही. कागदावरील रेषांकित पानात 'टेक ४: शेवटी हसू आवरले नाही, पण सुंदर' अशी समासातील टीप असू शकते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी झाल्यावर सातत्य-नोंदी हाताने चढवण्याची पद्धत अनेक संकलक पाळतात.

माहितीपटात धोका निराळा आहे. मजकुरात वाक्य कापणे इतके सोपे झाले आहे, की एखाद्याच्या मुलाखतीतील 'पण' नंतरचा भाग गाळून उलट अर्थाचे विधान सहज तयार होते. कागदावर ते वाक्य निर्दोष दिसते. त्यामुळे मजकुरावरून केलेली प्रत्येक जोडणी अंतिम करण्यापूर्वी मूळ चित्रणात तिच्या आधीचे आणि नंतरचे किमान काही सेकंद पाहणे आवश्यक मानले जाते.

जुळवलेल्या मजकुराचा पुढील उपयोग

वेळेसह जुळवलेला मजकूर एसआरटी या साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो. त्यात प्रत्येक ओळीस क्रमांक, आरंभ आणि अंत यांच्या वेळा आणि मजकूर एवढेच असते. त्यावरून मराठी उपशीर्षके, अन्य भाषांतील अनुवाद आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठीचा मजकूर तयार होतो. संकलन पूर्ण झाल्यावर या वेळा अंतिम प्रतीच्या वेळांशी पुन्हा जुळवाव्या लागतात, कारण मूळ चित्रणाचा टाइमकोड आणि तयार चित्रपटाचा टाइमकोड वेगवेगळे असतात. देवनागरी उपशीर्षकांत वेलांटी आणि रफार वरच्या ओळीस, तर उकार खालच्या कडेस भिडू नयेत यासाठी रोमन लिपीपेक्षा दोन ओळींत जास्त अंतर ठेवले जाते.